उसना पत्रा

मी एक जुना पन्हळी पत्रा आहे, आणि माझ्या अंगावर आता गंजापेक्षा भोकंच जास्त आहेत. जिथे जिथे मला ठोकलं, तिथून एक दिवस मला उपटलं, आणि प्रत्येक खिळ्यानं जाताना आपली जागा उघडीच ठेवली. मित्रांनो, पत्र्याला त्याची हकीकत सहसा कुणी विचारत नाही. उन्हात तापायचं, वाऱ्यात वाजायचं आणि कधीतरी उडून कुणाच्या तरी परसात जाऊन पडायचं, एवढंच आमचं आयुष्य असं लोकांना वाटतं. माझंही तेवढंच असतं तर बरं झालं असतं. पण एका सकाळी मला एका घराच्या खुराड्यावरून उचलून शेजारच्या दारावर नेलं, आणि तेव्हापासून वाऱ्यात वाजायचीसुद्धा मला लाज वाटते.

माझा जन्म कारखान्यातला. तापलेलं लोखंड रुळांखालून लाटत लाटत मला सपाट केलं, मग जस्ताच्या उकळत्या रसात बुचकळून काढलं. बाहेर आलो तो असा लखलखलो, की शेजारच्या कामगारानं माझ्यात बघून आपले केस सारखे केले. त्यानंतर एका यंत्रानं माझ्या सरळ अंगाला लाटा पाडल्या. त्या वेळी वाटलं, मोडलो. पुढे कळलं, की या लाटांमुळेच मी ओझ्याखाली वाकत नाही.

माझी पहिली नोकरी धान्याच्या गोदामावर. वर ऊन, गारा आणि कबुतरांची भांडणं, खाली पोत्यांच्या थप्प्या. मी तिथे चांगलं काम केलं. माझ्याखाली एकही दाणा भिजला नाही, असं गोदामाचा मुकादम पाहुण्यांना कौतुकानं सांगायचा. पण इतक्या धान्याची पोती वाहणाऱ्यांची पोटं मात्र पाठीला लागलेली असायची. त्यांच्यात एक हमाल होता, अंगानं बारका, तोंडानं हसरा. त्याला घरी धाकटा म्हणत. गोदामाला नवं छप्पर आलं, तेव्हा आम्हा जुन्यांना उपटून भिंतीशी टाकलं आणि मुकादम म्हणाला, "ज्याला हवा त्यानं न्यावा, नाहीतर भंगारात जाणार." धाकट्यानं मला डोक्यावर घेतलं. वाटेत वारा सुटला. वाऱ्यानं त्याला गोल गोल फिरवलं. रस्त्यातला एकजण ओरडला, "अरे, तू पत्रा नेतोयस का पत्रा तुला नेतोय?"

"दोघंही घरी निघालोय!" धाकटा म्हणाला.

मला ते 'दोघंही' फार आवडलं.

घर म्हणजे दोन भावांचं, एकाच अंगणातलं. मधोमध मातीची भिंत, इकडे थोरला, तिकडे धाकटा, आणि दोन्हीकडे गवताचं छप्पर. भिंतीत हाताएवढा एक झरोका होता. त्यातून दिवसभर वाटी जायची, वाटी यायची. थोरल्याची बायको थोरली आणि धाकट्याची बायको धाकटी, दोघी सख्ख्या जावा, पण बोलणं असं की माहेरच्या बहिणी वाटाव्यात. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा म्हणे तिला चूल पेटवता येत नव्हती. धुरानं डोळे चोळत बसायची. थोरली झरोक्यातून निखारा द्यायची आणि आरडाओरडा करायची, "फुंकर घाल गं, मुका काय घेतेस त्याचा!" त्या दिवसापासून धाकटीच्या घरातला विस्तव थोरलीच्या चुलीतला.

मला धाकटीच्या खुराड्यावर टाकलं. गोदामावरून खुराड्यावर, म्हणजे पायरी खाली उतरलो होतो, पण कोंबड्या कोरड्या राहिल्या आणि मीही समाधानात होतो. तिथून मला सगळं अंगण दिसायचं. थोरला बांधकामावरून पडून पायानं अधू झाला होता. तो भिंतीला टेकून बांबूच्या टोपल्या विणायचा आणि फारच क्वचित बोलायचा. त्याची लेक शेवटच्या इयत्तेत शिकत होती. अंगावर मांस नाही म्हणून बाप तिला काटकुळी म्हणायचा. ती त्याच्याशेजारी बसून पुस्तक मांडीवर ठेवायची आणि हातानं बांबू सोलायची. धाकटीची मुलगी चिवी अजून लहान. तिचा डावा कान कायम वाहायचा. तिला हाक मारायची तर उजवीकडून मारावी लागे, नाहीतर ती आपल्याच नादात.

धाकट्याच्या घरात वरण पातळ असायचं. पाहुणा आला की आणखी पातळ व्हायचं. धाकटी दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जायची, धाकटा पोती वाहायचा, आणि तरी पावसाआधी छपरावर नवं गवत घालायचं की चिवीला डॉक्टरकडे न्यायचं, यातलं एकच व्हायचं. थोरलीकडे तर तेवढंही नव्हतं. पण ती हसरी होती. यमक जुळवून बोलायची तिला खोड होती.

एक दिवस गिरणीवाला दळण घेऊन सायकलवरून आला. पिठाचं पोतं त्यानं माझ्याशेजारी टेकवलं आणि घाम पुसत म्हणाला, "वहिनी, ऐकलंत का? संस्थेची माणसं उद्या आपल्या वस्तीत येणार आहेत. पैसे द्यायला. सरळ मोबाईलवर."

"कर्ज असेल," धाकटी म्हणाली.

"कर्ज नाही, काही नाही. परत करायचे नाहीत."

"मग बदल्यात काय घेतात? किडनी?"

"तेच मी विचारलं! पण नुसते देतात म्हणे. ज्याचं घर गरिबाचं दिसतंय त्याला. छप्पर बघतात. गवताचं असलं तर हो, पत्रा असला तर चालले पुढच्या घरी." मग त्यानं आवाज उतरवला. "आणि एका अंगणात एकालाच, असं कानावर आलंय. भाऊ भाऊ असले तरी."

गिरणीवाल्याच्या गोष्टी म्हणजे पिठात कोंडा जास्त. मागे त्यानं वस्तीला रेल्वे येणार म्हणून सांगितलं होतं. अजून त्याची सायकलच येते. धाकटी हसली, तिनं पीठ आत नेलं. पण नंतर कितीतरी वेळ ती आपल्या छपराकडे बघत उभी होती. मग तिनं थोरलीच्या छपराकडे बघितलं. मग कोंबड्यांना उगाच हुसकावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारात बसून भाकरीचं पीठ मळत होती, तेवढ्यात थोरलीची हाक आली.

"धाकटे, ए धाकटे! तुझा तो पत्रा दे गं जरा."

"कशाला, जाऊबाई?"

"अगं, संस्थेचे पाहुणे यायचेत ना! माझ्या दारावरचं गवत बघ, कुजून शेपटीसारखं लोंबतंय. त्यांच्या डोक्यावर किडे पडले म्हणजे? नीटनेटकं घर दिसलं तर माणूस चार पैसे विश्वासानं देतो. उकिरड्यावर कोण पैसे टाकेल?"

धाकटीचे हात पिठात थांबले. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. गिरणीवाल्याचं बोलणं तिच्या ओठापर्यंत आलं होतं, मित्रांनो, मला ते दिसलं. खरं निघालं नाही तर थोरली हसेल, एवढीच भीती होती का? की 'एका अंगणात एकालाच' हे शब्द मध्ये आडवे आले? मला वाटतं, तिचं तिलाही तेव्हा कळलं नसेल. ती एवढंच म्हणाली, "कोंबड्यांचं काय मग?"

"कोंबड्यांना बघायला कुणी येत नाही!" थोरली म्हणाली, आणि धाकटी म्हणाली, "न्या."

एका टोकाला लंगडत थोरला, दुसऱ्या टोकाला काटकुळी, असे मला घेऊन गेले. थोरलीनं मला राखेनं घासलं. इतकी वर्षं मला कुणी घासलं नव्हतं. दारावरच्या कुजक्या गवतावर मला आडवा टाकून दोरीनं बांधलं, वर दगड ठेवले, आणि थोरली कंबरेवर हात ठेवून म्हणाली,

"या पत्रेराव, बसा पत्रेराव, दारावरती छान,
आत नसली भाकरी तरी बाहेर ठेवा मान!"

काटकुळी हसली. थोरलासुद्धा हसला. झरोक्यापलीकडून मात्र हसू आलं नाही.

ऊन चढलं तेव्हा संस्थेची मुलगी आली. डोक्यावर टोपी, खांद्याला पिशवी, बुटांवर धूळ. थोरलीनं तिला पाणी दिलं, बसायला टोपली उपडी घातली. मुलीनं समोरून मोबाईलवर फोटो काढला. घराच्या मागे काटेरी कुंपण होतं, तिकडे कुणी गेलं नाही. त्या वेळी सूर्य नेमका माझ्यावर होता. मी चमकलो, जन्मल्या दिवशी चमकलो होतो तसा. मला अभिमान वाटला. आज तो आठवला की मला गंजून गळून जावंसं वाटतं.

"छप्पर पत्र्याचं ना?" मुलीनं विचारलं.

"हो तर!" थोरली म्हणाली. "पुढून पत्राच आहे."

"छान ठेवलंय तुम्ही घर."

थोरली लाजली. धाकटी आपल्या दारात उभी होती. हाताला अजून पीठ, वाळलेलं. बोलायला अजूनही उशीर झाला नव्हता. मग मुलगी तिच्याकडे वळली, गवताचा फोटो काढला, नाव विचारलं, मोबाईलचा क्रमांक विचारला, आणि ती संधी गेली.

पैसे खरंच आले. धाकटीनं ते कुणाला सांगण्याआधी मोबाईल पदराखाली झाकून ठेवला, जसं काही ते कोंबडीखालून काढलेलं अंडं आहे आणि फुटेल. धाकटा म्हणाला, "चूक झाली असेल, उद्या परत घेतील." कुणी परत घेतले नाहीत. पुढच्या खेपेलाही आले. मग ते घर हळूहळू श्वास सोडायला लागलं.

मित्रांनो, पैशानं काय होतं ते मी शेजारच्या दारावरून बघितलं आहे. आधी वरण घट्ट झालं. मग चिवीला शहरातल्या कानाच्या डॉक्टरकडे नेलं, औषध झालं, आणि एका दुपारी वाऱ्यानं मी वाजलो तशी ती दचकून म्हणाली, "आई गं, पत्रा एवढ्या मोठ्यानं वाजतो?" धाकटी तिथेच खाली बसली आणि पदरानं तोंड झाकून रडली. तिच्या छपरावर माझे नवे, गुळगुळीत भाऊबंद आले. एक गाभण शेळी आली. धाकट्यानं हातगाडी घेतली. आता तो दुसऱ्याची पोती पाठीवर वाहत नव्हता, लोकांचा माल आपल्या गाडीवरून बाजारात नेत होता, आणि संध्याकाळी घरी आल्यावर त्याला पाठ धरून बसावं लागत नव्हतं. दोघं नवराबायको आता बोलता बोलता भांडायची नाहीत. पूर्वी प्रत्येक बोलणं फिरून फिरून पैशावर यायचं आणि तिथेच अडायचं. आता त्यांच्या बोलण्यात इतर गोष्टीही येऊ लागल्या. आपल्या माणसाला गाणं गुणगुणायला येतं, हे धाकटीला लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळलं.

थोरलीला पैसे का मिळाले नाहीत, ते वस्तीत सगळ्यांना कळलं. तिनं स्वतःच सांगितलं, हसत हसत. "पत्रेराव, तुम्ही आम्हाला श्रीमंत केलंत की हो! माझीच हौस मला नडली. पण जाऊ दे, एका अंगणात एकालाच देतात म्हणे, माझ्या धाकटीला मिळालं म्हणजे घरातच आलं."

हे ती धाकटीसमोर म्हणाली. धाकटीनं मान खाली घातली, आणि थोरलीचं हे बोलणंच तिची खरी शिक्षा होती. थोरली भांडली असती, जळली असती, चारचौघींत टोमणे मारले असते तर धाकटीला बरं वाटलं असतं. थोरली मात्र खरंच आनंदली होती. चिवीचा कान बरा झाला त्या दिवशी तिनं तिला आपल्या मांडीवर घेऊन दोन्ही कानांत आळीपाळीनं कुजबुज केली होती.

मग धाकटीचा हात सुटला. झरोक्यातून घट्ट वरणाची वाटी, अंडी, काटकुळीला कापड. थोरली वाटी कधी रिकामी परत करायची नाही. घरात काही नसलं तर कुंपणावरची भाजी खुडून घालायची. धाकटीला ती भाजी घशाखाली उतरत नसे. मला परत मागायचं तर तिला तोंडच नव्हतं. कोंबड्यांवर तिनं गोणपाट घातलं. अंगणात आली की ती माझ्याकडे बघायची नाही, आणि गिरणीवाल्याचं ते बोलणं मीही ऐकलं होतं, म्हणून मी वाजायचं टाळायचो.

"का गं," थोरली एकदा म्हणालीच, "माझं काही देणं लागतेस का? रोज रोज घेऊन मला कसंसंच होतं. तुझं तुला पुरू दे."

थोरल्याच्या टोपल्यांना गिऱ्हाईक कमी होत चाललं होतं. पायामुळे त्याला बाजारात बसायला जाता येत नव्हतं. शेवटी ठरलं, की काटकुळीनं शाळा सोडायची आणि शहरात एका घरी राहून काम करायचं. धुणं, भांडी, त्यांची लहान मुलं. ओळखीची एक बाई वस्तीतल्या मुलींना अशी कामं लावून द्यायची. ती बाजारच्या दिवशी येऊन घेऊन जाणार होती. थोरलीनं हे झरोक्यातून सांगितलं, आणि सांगून झाल्यावर म्हणाली, "तुझ्याकडे ती नवी पिशवी आहे ना, चेन असलेली? देतेस का? चांगल्या घरी चाललीये, गाठोडं घेऊन कशी जाईल पोर."

पलीकडून पिशवीची चेन एकदा उघडल्याचा, एकदा लावल्याचा आवाज आला. मग धाकटी म्हणाली, "देते." मला नेताना 'न्या' म्हणाली होती, अगदी त्याच आवाजात.

काटकुळी जायच्या आदल्या दिवशी दुपारी संस्थेची मुलगी पुन्हा आली. पैसे मिळालेल्या घरांचं कसं चाललंय ते विचारायला. ती धाकटीच्या दारात बसली. इकडे आमच्या दारात थोरली नवऱ्याशेजारी बांबू चिरत होती. मुलीनं विचारलं, दिवसातून किती वेळा जेवता, मुलगी शाळेत जाते का, आता सर्वांत जास्त काळजी कशाची वाटते.

 या शेवटच्या प्रश्नावर धाकटीनंच उलट विचारलं, "बाई, एका अंगणात एकालाच देता ना तुम्ही?"

"कुणी सांगितलं असं?" मुलगी म्हणाली. "गवताचं छप्पर असलेल्या प्रत्येक घराला दिलेत. अंगणाचा काय संबंध?"

थोरलीच्या हातातला कोयता थांबला.

धाकटी उठून उभी राहिली.  "तो पत्रा माझा आहे," ती म्हणाली. "खुराड्यावरचा. त्यांचं छप्पर गवताचंच आहे, कुजलेलं. मागे जाऊन बघा." मग ती थोरलीकडे वळली. "तुम्ही मागायला आलात त्याच्या आदल्या दिवशी मला गिरणीवाल्यानं सांगितलं होतं. छप्पर बघतात म्हणून. मला ठाऊक होतं, जाऊबाई."



"ठाऊक होतं," थोरली म्हणाली, "आणि तू म्हणालीस, कोंबड्यांचं काय."

"हो."

"एकालाच मिळणार, असं तुला वाटलं?"

"हो."

थोरलीनं कोयता खाली ठेवला. ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ती अगदी हळू बोलली. "अगं, मागितली असतीस तर माझी पाळी मी तुला दिली असती. चिवीच्या कानासाठी हसत दिली असती. तू विचारलंस का नाहीस गं?"

 संस्थेची मुलगी गोंधळून उभी राहिली. तिनं घराच्या मागे जाऊन, काट्यांतून वाकून, कुजक्या गवताचे फोटो काढले. आपण वर कळवू, पण या वस्तीचं काम संपलं आहे, नक्की काही सांगता येत नाही, असं ती म्हणाली, आणि तिचे डोळेही भरले होते. अजून तिकडून काही कळलेलं नाही.

ती गेल्यावर थोरलीनं दोऱ्या सोडल्या, दगड खाली टाकले आणि मला उतरवून दोन दारांच्या मधल्या भिंतीला टेकवून ठेवलं. नेहमीप्रमाणे 'पत्रेराव' म्हणाली नाही. मग आत जाऊन तिनं झरोक्यात चिंधी कोंबली.

त्या संध्याकाळी धाकट्याच्या घरात जेवण झालं नाही. धाकटी नवऱ्याला सगळं सांगत होती, आणि तो एवढंच म्हणाला, "दादानं मला पाठीवर घेऊन शाळेत नेलंय." 

सकाळी ती ओळखीची बाई आली. काटकुळी आईचं लुगडं नेसून तयार होती, पुस्तकं तिनं चिवीला देऊन टाकली होती. धाकटी आपल्या दारातून आली, एका हातात शेळीचं दावं, दुसऱ्या हातात रुमालात बांधलेले पैसे, जे उरले होते ते सगळे. ती सरळ थोरलीच्या उंबऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"ही जाणार नाही," ती म्हणाली.

"तू कोण सांगणारी?" थोरली म्हणाली.

"कुणी नाही. पण हे तुमचं आहे. मदत म्हणून देत नाहीये, म्हणून परत करू नका. मामंजींनी घर वाटलं तेव्हा भिंत मधोमध घातली ना? हे आलेलंही तसंच मधोमध वाटायचं होतं. मी भिंत सरकवली. ती आता जागेवर आणतेय. हातगाडीवर आजपासून दादांच्या टोपल्या जातील, तेही अर्धं. ह्यांना विचारलंय."

थोरलीनं शेळीकडे बघितलं नाही, रुमालाकडे बघितलं नाही, धाकटीकडे तर नाहीच.  नको म्हणायचा तिचा हक्क होता, आणि तो वापरायला ती अगदी टेकली होती. पण काटकुळीनं आईचा पदर धरला होता, घट्ट, लहान मुलीसारखा.

तेव्हा थोरला बोलला. जो माणूस दिवसभरात चार शब्द बोलत नाही, तो विणणं न थांबवता म्हणाला, "पोरी, पिशवी आत ठेव. ज्याची त्याला परत दे."

"मग मला एवढी पायपीट करायला लावलीत कशाला?" ओळखीची बाई फणकारली.  जाताना तिनं रागानं मला एक लाथ मारली, आणि मी, मित्रांनो, इतक्या दिवसांनी मनापासून वाजलो.

पण हे सगळं झाल्यावर दोघी जावा गळ्यात पडल्या, असं मात्र झालं नाही. थोरलीनं वाटणी घेतली, लेकीसाठी घेतली, आणि बोलणं बंद ठेवलं. शेळी आळीपाळीनं दोन्ही दारांत बांधली जाई. तिला करडू झालं, तर आपण कुणाचं हे त्याला कुठे ठाऊक, ते दोन्हीकडचा पाला ओरबाडायचं. बाजाराच्या दिवशी धाकटा हातगाडीवर टोपल्या रचायचा आणि थोरल्यालाही वर बसवून न्यायचा. बाजारात बसायला मिळाल्यावर थोरला बोलायलाही लागला, गिऱ्हाइकाशी चक्क घासाघीस करायचा. काटकुळी परीक्षेला बसली. सगळं सुरळीत चाललं होतं, फक्त झरोक्यातली चिंधी तशीच होती. धाकटी रोज तिच्याकडे बघायची आणि रोज आपल्या चुलीसाठी काडी पेटवायची.

आणि मी भिंतीला टेकून उभा. मला थोरली नेईना, धाकटी नेईना. जिच्यावर कुणी हक्क सांगत नाही अशी वस्तू किती जड असते, ते मला त्या दिवसांत कळलं.

मग ऊन फार वाढलं. टोपल्यांची मागणी वाढल्यामुळे थोरला दिवसभर अंगणात बसायचा, त्याच्या डोक्यावर सावली नव्हती. धाकट्यानं चार बांबू रोवले आणि तो हातगाडीवर माल घेऊन निघून गेला. वर टाकायला मी होतो. मी लांबलचक, एकट्या माणसाला वर चढवता येत नाही. थोरलीनं माझं एक टोक उचललं. दुसरं टोक जमिनीवर फरफटलं. तिनं हाक मारली नाही. धाकटी आपल्या दारातून आली आणि तिनं दुसरं टोक धरलं. दोघी मला घेऊन चालल्या, मध्ये माझी सगळी लांबी, एकमेकींकडे न बघता. बांबूंवर मला चढवताना मी धाकटीच्या बाजूला कलंडायला लागलो.

"वर धर," थोरली म्हणाली. "पडेल अंगावर. बोट सांभाळ."

किती दिवसांनी ती तिच्याशी बोलली होती! धाकटीनं मला वर धरलं. दोरी बांधताना ती रडत होती, म्हणून तिची गाठ सैल बसली. थोरलीनं ती बघितली, तशीच राहू दिली आणि आत निघून गेली.

मित्रांनो, घरात जुना पत्रा असेल तर वर्षातून एकदा त्याच्या भोकांना डांबर लावा, खिळ्याखाली रबराची चकती घाला, वारा सुटण्याआधी वर दगड ठेवा. भोक लहान असतानाच बुजवलेलं बरं. आणि शेजारच्या दाराच्या भल्याची एखादी गोष्ट तुमच्या कानावर आली तर ती खरी की खोटी याचा हिशेब घालत बसू नका, लगेच जाऊन सांगून टाका. खोटी निघाली तर लोक हसतील, तेवढंच. माझ्यावर विश्वास ठेवा, हसू फार लवकर विरतं.

सध्या मी सावली धरून आहे. त्या सैल गाठीमुळे मी जरा तिरका बसलोय, त्यामुळे दुपारी माझी जास्त सावली थोरलीच्या दाराकडे पडते. अंगणातून जाता-येता दोघींनाही ते दिसतं. अजून कुणी मला सरळ केलेलं नाही.